टोरी एमोस आणि पियानो काढायला सांगणारे

अमेरिकन गायिका आणि पियानोवादक टोरी एमोसचा विषय निघाला की लोक ती पियानोच्या बाकावर दोन बाजूंना पाय टाकून कशी बसते, इथूनच सुरुवात करतात. मग 'विचित्र बाई' म्हणून विषय संपवतात. मला याचा मनापासून राग येतो. एक हात पियानोवर, दुसरा पाठीमागच्या कीबोर्डवर आणि त्याच वेळी जीव ओतून गाणं, हे करायचं तर बाकावर तसंच बसावं लागतं.

तिचा जन्म १९६३ चा, वडील मेथडिस्ट पाद्री. पाचव्या वर्षी तिला बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीतसंस्थेत शिष्यवृत्ती मिळाली आणि अकराव्या वर्षी ती शिष्यवृत्ती गेली. मुलगी कानाने वाजवायची, समोरचं नोटेशन वाचायचा तिला कंटाळा, त्यात रॉकची ओढ. तेराव्या वर्षी ती वॉशिंग्टनच्या बारमध्ये वाजवायला लागली आणि सोबत बसायला कोण, तर पाद्र्याची कॉलर घातलेले वडील! या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

१९८८ मध्ये 'वाय कान्ट टोरी रीड' या तिच्या बँडचा अल्बम आला. फुगवलेले केस, सिंथेसायझर आणि पियानो जवळजवळ गायब. तो सपशेल आपटला. पुढचा अल्बम तिने पियानोभोवती बांधला, तर रेकॉर्ड कंपनीतून सूचना आली की पियानो काढून गिटार घाला. तिने ऐकलं नाही. १९९२ च्या जानेवारीत 'लिटल अर्थक्वेक्स' आला, तो पियानोसकट. गिटारचा एवढा बोलबाला असताना हे करायला काय लागत असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

आणि त्याच अल्बममध्ये 'मी अँड अ गन' आहे. तिच्यावर झालेल्या बलात्काराचं गाणं. त्यात पियानोसुद्धा नाही, नुसता आवाज. ज्या वाद्यासाठी ती कंपनीशी भांडली, तेच तिने इथे बाजूला ठेवलं. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मध्येच थांबवलं होतं. पूर्ण ऐकायला मला कितीतरी दिवस लागले. १९९४ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी अमेरिकेत 'रेन' ही संस्था उभी राहिली, तिची पहिली राष्ट्रीय प्रवक्ती टोरी होती. तिच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना हे तळटीपेत टाकणाऱ्यांना तिचं गाणं कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

'१९९८ नंतर तिच्यात काही राहिलं नाही' हेही मला मान्य नाही. १९९६ चा 'बॉईज फॉर पेले' मला सर्वांत धाडसी वाटतो, हे खरं. आयर्लंडमधल्या एका चर्चमध्ये हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं वाद्य वाजवून केलेला, पहिल्यांदाच सबकुछ स्वतःच्या निर्मितीखाली. पण 'स्कार्लेट्स वॉक' हा स्कार्लेट नावाच्या स्त्रीच्या अमेरिकाभरच्या प्रवासाचा अल्बम २००२ चा आहे! ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची अमेरिका त्या प्रवासात जशी दिसते, तशी मला दुसऱ्या कुठल्या अल्बममध्ये सापडली नाही.

आणि २०११ चा 'नाईट ऑफ हंटर्स' नक्की ऐका. डॉइचे ग्रामोफोन या शास्त्रीय संगीताच्या जर्मन कंपनीने काढलेला. शूबर्ट, शोपँ, साती, बाख यांच्या रचनांवर तिने स्वतःची गाणी रचली आहेत. त्यात तिची मुलगीही गाते. पीबॉडी सुटली तेव्हा टोरी जेवढी होती, साधारण तेवढ्याच वयाची.