पूल कवटाळून कोणीही बसलं नव्हतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

परळ आणि प्रभादेवीला जोडणाऱ्या, रेल्वे रुळांवरच्या एल्फिन्स्टन पुलाबद्दलच्या माझ्या लेखाखाली 'एक करदाता' या नावाने आलेली प्रतिक्रिया तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूल शंभरी ओलांडलेला होता, पाडायलाच हवा होता. एप्रिल २०२५ मध्ये बंद व्हायचा तो रहिवाशांच्या आडमुठेपणामुळे सप्टेंबरपर्यंत रखडला. पर्यायी मार्ग आधीच जाहीर झाले होते. आणि शेवटचं वाक्य : "२०१७ ची चेंगराचेंगरी विसरून पूल कवटाळून बसणाऱ्या तुमच्यासारख्या रडक्या लोकांमुळेच मुंबई मागे पडते."

महोदय, पूल जुना होता हे मला मान्य आहे. ज्याच्यासाठी हा पूल पाडायचा तो शिवडी-वरळी जोडरस्ता व्हावा, नवी मुंबईहून अटल सेतूवरून उतरलेली गाडी सरळ वरळीला जावी, यालाही माझा विरोध नाही. मूळ लेखात हे दोन वाक्यांत आलं होतं, आणखी ठळक लिहायला हरकत नव्हती. पण 'रडके'? ज्यांना तुम्ही आयुष्यात कधी भेटला नाहीत, त्यांना हा शब्द वापरायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

माझे वडील गिरणी कामगार. परळच्या चाळीतून निघून हाच पूल ओलांडून ते पाळीला जायचे. ८२ च्या संपानंतर गिरणी गेली, पण घरात कोणी रडत बसलं नाही. आईने डबे केले. मी त्याच पुलावरून ते पोचवले. पुढे आई आजारी पडली तेव्हा आम्ही प्रभादेवीला राहत होतो. दर आठवड्याला तिला हाताला धरून पुलावरून परळच्या केईएम रुग्णालयात न्यायचो, कारण टॅक्सीचे पैसे आठवड्याला परवडत नव्हते आणि पुलाचा चढ ती सावकाश चढू शकायची. मी लिहितो ते या पायांनी चालून लिहितो.

आता २०१७. याच वाक्याने मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२९ सप्टेंबर २०१७ ला तेवीस माणसं गेली ती या पुलावर नाही. ती गेली एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या रेल्वेच्या पादचारी पुलावर, त्याच्या अरुंद जिन्यावर. पाऊस कोसळत होता, लोक आडोशाला थांबले होते आणि मागून लोकलची गर्दी येत होती. गाड्यांचा पूल वेगळा, माणसांचा वेगळा. हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याने परळकरांना ती तारीख शिकवू नये. त्या दुपारी केईएमच्या आवारात रक्त द्यायला आलेल्यांत मीही होतो. चपला नसलेली, भिजलेली माणसं आपलं माणूस शोधत फिरताना मी पाहिली आहेत. मी ते 'विसरलो' असं तुम्ही टोपणनावाआडून लिहिता!

आणि नीट विचार केलात तर ही आठवण आमच्याच बाजूची आहे. गाड्यांच्या पुलावरून रोज हजारो माणसं पायी जात होती : दवाखान्याला, शाळेला, फुलांच्या बाजाराला. तो बंद केला की ही सगळी माणसं रेल्वेच्या पादचारी पुलांवर येणार. चेंगराचेंगरीनंतर लष्कराने २०१८ मध्ये नवा पादचारी पूल बांधून दिला, पण तो तेव्हाच्या गर्दीसाठी. म्हणून एप्रिलमध्ये हरकती मागवल्या गेल्या तेव्हा आम्ही एकच गोष्ट मांडली : आधी पायी जाणाऱ्यांची सोय करा, पुलालगतच्या हाजी नुरानी आणि लक्ष्मी निवास या इमारतींमधल्या भाडेकरूंना घर कुठे मिळणार ते लेखी द्या, मग पूल बंद करा. 'पूल पाडू नका' असं आमच्या अर्जात कुठेही नव्हतं. २५ एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले ते यासाठी. ज्याचं घर पुलाला लागून आहे त्याने पुनर्वसनाचा कागद मागणं तुम्हाला आडमुठेपणा वाटतो. तुमच्या घरासमोर पोकलेन उभा राहिला असता तर तुम्ही काय केलं असतं, हे मला ऐकायला आवडेल.

'पर्यायी मार्ग जाहीर झाले होते.' हो, झाले होते, आणि आम्ही ते वाचलेही होते. करी रोडचा पूल सकाळी सात ते दुपारी तीन परळकडून प्रभादेवीकडे, दुपारी तीन ते रात्री अकरा उलट दिशेने. म्हणजे केईएमची, टाटाची, वाडियाची ओपीडी सकाळी भरते, नेमक्या त्याच वेळात प्रभादेवीच्या पेशंटला करी रोडवरून परळकडे येता येत नाही. त्याने दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर लोअर परळवरून वळसा घालायचा. गाडी असलेल्याला हा वीस मिनिटांचा प्रश्न असेल. डायलिसिसला जाणाऱ्या म्हाताऱ्याला तो तेवढाच नाही.

राहिला मुदतीचा प्रश्न. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्ण खुला झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद, दोन्ही बाजू सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. सायनचा पूल बंद करायची तारीख वारंवार पुढे गेली आणि शेवटी १ ऑगस्ट २०२४ ला तो बंद झाला. या शहरात पूल बंद करणं एका रात्रीचं काम आहे, उघडणं नाही. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी चार महिने प्रश्न विचारले, तर त्यात मुंबई मागे पडली? १२ सप्टेंबरला पूल बंद झालाच ना?

खर्चवाढीबद्दल, माझ्या शुद्धलेखनाबद्दल आणि 'तुम्ही कोणत्या पक्षाचे' याबद्दल जे लिहिलंत त्याला उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, आणि त्याआधी एकदा सकाळी दहाला परळ स्टेशनच्या जिन्यावर उभे राहून या. शिवीगाळ नसेल तर जशीच्या तशी छापीन.