सू वीडचं मशीन घ्यायच्या आधी दोन रविवार अंडी करा

भाच्याचा मेसेज आला, मावशी सू वीडसाठी कुठलं मशीन घेऊ, तीन शॉर्टलिस्ट केलीयत, लिंका पाठवतो. पाठवल्या. तिन्ही उघडून बघितल्या आणि खरं सांगते, तिन्हींत नक्की फरक काय ते मलाही पटकन कळेना, आणि मी हा उद्योग गेली सहा-सात वर्षं करतेय. सगळीकडे तेच, एक दशांश अंशाची अचूकता, वायफाय, शेकडो रेसिप्या आणि गुलाबी मांसाच्या कापाचा तोच तो फोटो. त्याला व्हॉइस नोटवर उत्तर द्यायला बसले तर ती अकरा मिनिटांची झाली, नवरा आतून ओरडला की लिहून टाक ना त्यापेक्षा, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सू वीड म्हणजे फ्रेंचमध्ये ‘निर्वातात’. पदार्थ पिशवीत घालायचा, हवा काढायची, पिशवी गरम पाण्यात सोडायची आणि ते पाणी ठरलेल्या टेंपरेचरला तासन् तास धरून ठेवायचं. उकळवायचं नाही. (मी पहिलं वर्षभर ‘सूस व्हाइड’ म्हणत होते, कोणी दुरुस्त केलं नाही, मनातल्या मनात हसले असतील.) नाव मात्र फसवं आहे, कारण यात निर्वाताचं महत्त्व दुय्यम, खरी करामत टेंपरेचरची. तव्यावर आपण घड्याळाशी शर्यत लावतो, मधला भाग शिजेपर्यंत कडा वाळतात. इथे पाणीच ५५ अंशांवर आहे तर मांसाचा तुकडा ५५ च्या वर जाणारच कसा? दहा मिनिटं उशीर झाला तरी काही बिघडत नाही. कमी आचेवर मांस मऊ राहतं हे शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन म्हणजे काउंट रम्फर्डने १७९९ मध्येच लिहून ठेवलंय, आणि रेस्टॉरंटमध्ये हे आणायचं श्रेय १९७० च्या दशकातल्या फ्रान्सला, जॉर्ज प्रालू आणि ब्रूनो गूसो या दोघांना देतात. पुढे शेफ लोक चक्क प्रयोगशाळेतली वॉटर बाथ, म्हणजे पाणी ठरलेल्या टेंपरेचरला धरणारी टाकी, उचलून किचनमध्ये आणायला लागले, आणि घरात परवडेल, मावेल अशी काठीसारखी मशीनं २०१२-१३ च्या आसपास यायला लागली.

म्हणजे तुम्ही विकत काय घेताय? पाणी तापवायचा हीटर, पाणी फिरवायला छोटा पंखा आणि टेंपरेचर मोजणारा सेन्सर. संपलं. बाकी सगळं सजावट. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

माझं पहिलं मशीन असंच सजावटीला भुलून घेतलेलं. गोंडस, छोटं, अंगावर एक बटण नाही, सगळं फोनवरून. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिले आठ महिने स्वर्ग. मग एका संध्याकाळी सहाजण जेवायला येणार, पिशव्या भरून तयार, पातेलं भरलेलं, आणि ॲप म्हणतंय अपडेट करा. अपडेट केलं तर म्हणे तुमचा फोन जुना आहे. नवऱ्याच्या फोनवर टाकलं तर त्याला मशीन सापडेना, मशीन सापडलं तर पासवर्ड आठवेना, पासवर्ड बदलायचा तर ईमेल येईना. मी ओट्यापाशी एका पांढऱ्या दांड्याकडे बघत उभी, आत हीटर ठणठणीत, पंखा ठणठणीत, आणि त्याला ‘५५’ एवढा एक आकडा सांगायची सोय नाही. शेवटी सगळं तव्यावर केलं. चांगलं झालं होतं, तो भाग वेगळा.

तेव्हापासून माझी पहिली अट पक्की, मशीनच्या अंगावर डिस्प्ले हवा आणि टेंपरेचर कमीजास्त करायला बटणं किंवा चाक हवं. ॲप असेल तर असू दे, पण ॲपशिवाय ते पूर्ण चाललं पाहिजे. हा नुसता माझा राग नाहीये. अनोवा हे यातलं मोठं नाव, त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की ॲप वापरायला नव्या युजर्सना वर्गणी पडेल आणि जुन्या ब्लूटूथ-वायफाय मॉडेल्सचा ॲप सपोर्ट सप्टेंबर २०२५ मध्ये थांबेल. लोक चिडले, चिडणारच. पण त्या जुन्या मशीनना अंगावर कंट्रोल आहेत, त्यामुळे ती हाताने आजही चालतात. हीटर दहा वर्षं टिकतो हो, ॲप टिकेल याची खात्री कोण देणार. आणि तसंही पिशवी पाण्यात सोडायला तुम्हाला ओट्यापाशी यावंच लागतं, मग बटण दाबायला फोन कशाला?

आता वॅट. इथे मात्र आकडा खरंच कामाचा आहे आणि नेमकं त्याकडेच कोणी बघत नाही. हिशोब सोपा आहे, एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. दहा लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायचं तर झाले सुमारे १४७० किलोज्यूल. १००० वॅटचं मशीन त्याला पंचवीस मिनिटं घेईल, ६०० वॅटचं चाळीसच्या पुढे, आणि वरून वाफेतून उष्णता जातेच, ती वेगळी. गाजरं, बटाटे असलं काही करणार असाल तर ८३ ते ८५ अंश लागतात, कारण भाजीतलं पेक्टिन, म्हणजे तिला कडक ठेवणारा चिकट पदार्थ, त्याच्या खाली नीट सुटत नाही, आणि तिथे लहान मशीनची दमछाक होते, उघड्या पातेल्यात तर कधीकधी पोचतच नाही. अर्थात तुम्ही दोघंच असाल आणि चार-पाच लिटरच्या पातेल्यात काम भागत असेल तर ८०० वॅटही पुरे. शिवाय चलाखी म्हणजे नळाचं किंवा किटलीचं गरम पाणीच ओतायचं. झाकण तर हवंच. झाकणाला मशीनपुरती खाच नसेल तर फॉइल लावा, नाहीतर टेबलटेनिसचे पोकळ चेंडू पाण्यावर तरंगत सोडा, दिसायला वेडेपणा पण वाफ भारी अडवतात.

अचूकतेचं काय, तर त्यावर झोप घालवू नका. एक दशांश अंश हा आकडा फक्त छापायला छान. मांसाला अर्ध्या अंशाने काही कळत नाही. अंड्याला कळतं. अंडं हा यातला सगळ्यात खडूस परीक्षक. पांढऱ्यातलं एक प्रोटीन ६१-६२ ला घट्ट व्हायला लागतं, पण त्यातलं मुख्य प्रोटीन ८० च्या आसपास, आणि पिवळं बलक मध्येच कुठेतरी ६५ च्या जवळ. म्हणून ६३ ला तासभर ठेवलेल्या अंड्यात पांढरं थरथरतं आणि बलक त्याच्यापेक्षा घट्ट, म्हणजे नेहमीच्या उकडलेल्या अंड्याच्या बरोब्बर उलटं. दोन अंश वर गेलात तर बलक जॅमसारखं. मशीन आणलं की पहिल्याच दिवशी एक चांगला थर्मामीटर पाण्यात धरून बघा, ते दाखवतंय तेच खरंय का. माझं दुसरं मशीन ०.७ अंश कमी तापवत होतं. त्यात कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडा खऱ्या टेंपरेचरशी जुळवून घ्यायची, सोय होती, केलं, विषय संपला. ही सोय आहे का ते मात्र मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्या.

मग ती बारीकसारीक वाटणारी गोष्ट जिने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, क्लिप. मशीन पातेल्याच्या कडेला कसं अडकतं ते बघा. काहींची क्लिप जाड काठाच्या भांड्यावर बसत नाही, काहींची उंची ठरलेली, म्हणजे पाणी किमान खुणेपर्यंत यायला तुमचं उथळ पातेलं पुरतच नाही. घरातलं सगळ्यात उंच पातेलं काढा, पट्टीने मोजा, मग मशीनच्या किमान आणि कमाल पाणीरेषा बघा. यावर हसाल, पण मी एकदा पातेल्याखाली पातेलं ठेवून सर्कस केलीय. पाणी कमी झालं की स्वतःहून बंद होणं हे आता बहुतेकांत असतं, पण खात्री करा, रात्रभराच्या शिजवण्यात पाणी चांगलंच आटतं. वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू होतं का हेही विचारा, बरीच होत नाहीत, आणि सकाळी उठून गार पाण्यात पडलेली पिशवी बघितली की ती किती वेळ गार होती ते कळायला मार्ग नाही, सरळ फेकायची. आणि कोणी दुसऱ्या देशातून आणून देणार असेल तर व्होल्टेज! १२० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर जवळजवळ पावणेचार पट वीज खेचू बघतो, एकदा धूर निघाला की गॅरंटी वगैरे विसरा.

काठीऐवजी तयार टाकीवालं, म्हणजे वॉटर ओव्हन घेऊ का असंही भाच्याने विचारलं. २००९ मध्ये सू वीड सुप्रीम नावाचं आलं तेव्हा घरासाठी तेच मोठं अप्रूप होतं. आवाज नाही, कारण पंखाच नाही, पाणी आपलं आपण फिरतं. पण ओट्यावर कायमची जागा अडवून बसतं, पिशव्या दाटीवाटीने भरल्या की पाणी नीट फिरत नाही, आणि आकार बदलता येत नाही. काठी काय, धुतली, ड्रॉवरमध्ये टाकली. ज्यांच्याकडे आधीच सू वीडचं बटण असलेला मल्टीकुकर आहे त्यांनी नवीन काही न घेता आधी तोच थर्मामीटर लावून तपासावा. काही कुकर दोन-तीन अंश इकडेतिकडे करतात, स्टेकला चालून जातं, अंड्याला नाही.

व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून ती बंद करणारं यंत्र, लगेच घेऊ नका. झिपवाली जाड फ्रीझर पिशवी घ्या, पदार्थ घाला, झिप एका कोपऱ्यात उघडी ठेवून पिशवी हळूहळू पाण्यात बुडवा, पाण्याच्या दाबाने हवा वर निघून जाते, मग झिप लावा. एवढंच. पिशवी तरंगली तर आत एक जड चमचा टाका, कारण तरंगणारा भाग शिजतच नाही. फक्त ८५ अंशांच्या भाज्यांना या पिशव्यांचे जोड कधीकधी उघडतात, तिथे सीलरच्या पिशव्या बऱ्या.

आता एक गोष्ट जरा दरडावून. मशीन कुठलंही घ्या, हे कमी टेंपरेचरचं काम आहे आणि जंतूंना तुमचा ब्रँड माहीत नसतो. ५४ च्या खाली तासन् तास काही ठेवायचं नाही. मासा ५० ला करतात तो थोडाच वेळ, आणि लगेच खायचा. चिकन ६० अंशांना सुरक्षित होतं, पण गाभा ६० ला पोचल्यावर पुढे जवळपास अर्धा तास तिथे राहिला तरच, आणि गाभा कधी पोचणार हे जाडीवर असतं, जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. रेसिपीत नुसतं वजन दिलं असेल आणि जाडी दिली नसेल तर ती रेसिपी बंद करा. पिशवीत हवा नाही म्हणजे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला तिथे राहायला आवडतं, म्हणून शिजवून ठेवायचं असेल तर पिशवी सरळ बर्फाच्या पाण्यात, ओट्यावर ‘जरा गार होऊ दे’ अजिबात नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर कमी अंशांची हौस करूच नका.

एवढं सगळं लिहून झाल्यावर भाच्याला मी एकही लिंक घे म्हटलं नाही. कारण माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी घेतलं त्यातल्या निम्म्यांची मशीनं तळाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, आणि ती बिघडलेली नाहीत. माणसं कंटाळली. दीड तास पाण्यात, मग पिशवीतून काढा, टिपून कोरडं करा, मग तवा धूर येईपर्यंत तापवा आणि मिनिटभर दोन्ही बाजूंनी भाजा, कारण तो खमंग रंग १४० अंशांच्या वर येतो, पाण्यात जन्मात येणार नाही. हे तुम्हाला मंगळवारी रात्री ऑफिसहून आल्यावर झेपणार आहे का हे कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

म्हणून त्याला सांगितलं, सहलीला नेतात तो थंड ठेवायचा जाड बॉक्स काढ, तो गरमही तितकंच छान धरतो. ६५ अंशांचं पाणी काठोकाठ भर, थर्मामीटर लाव, चार अंडी सोड, झाकण घट्ट लाव, तासाभराने काढ. दोन रविवार हे कर. चिकन मात्र यात नको. तिसऱ्या रविवारी स्वतःहून करावंसं वाटलं तर मला फोन कर, मग बटणंवालं, हजारेक वॅटचं, आपल्या पातेल्यावर बसणारं कुठलंही घे.

काल पहिला रविवार होता. साडेदहाला मेसेज, मावशी ६१ वर आलंय, काय करू? म्हटलं किटलीतलं गरम पाणी ओत थोडं, आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नकोस.