‘खारा वारा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : जॉर्ज वॉशिंग्टन, निश्शो मारू आणि म्हणे ‘आरती’

खारा वारा साहेब (किंवा बाई, टोपणनावामागे कोण आहे कळायला मार्ग नाही), तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. उत्तर कॉमेंटमध्ये मावेना म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात : गेल्या आठवड्यात मी यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टनवर लिहिलं होतं, म्हणजे अणुऊर्जेवर चालणारी आणि पोटात बॅलिस्टिक मिसाइल घेऊन फिरणारी जगातली पहिली पाणबुडी, अमेरिकेची, जिची पुढे निश्शो मारू या जपानी जहाजाशी टक्कर झाली. त्यावर ह्यांची प्रतिक्रिया अशी :

“लेख म्हणजे अमेरिकन नेव्हीची आरती आहे. निश्शो मारू बुडवली, दोन माणसं मेली, ते दोन ओळींत उरकलंत. रेंज किलोमीटरमध्ये देणारा माणूस समुद्रावर लिहितो याचं हसू येतं. स्कॉर्पियन कापून बोट बनवली ही गोष्ट सगळीकडे आहे, कॉपीपेस्ट. पाणबुडीत कधी पाय तरी ठेवलाय का? त्यापेक्षा आपल्या अरिहंतवर लिहा.”

आता बघा, टीका करायला कुणाची ना नाही. हा ब्लॉग सुरू केला तेव्हापासून लोकांनी मला झोडपलंय आणि मी ते इथे राहू दिलंय. पण “हसू येतं” ही काय भाषा आहे? समोरासमोर बसून चहा पिताना तुम्ही मला असं म्हणाला असतात का? नाही ना. मग कीबोर्ड हातात आला की माणूस एवढा का बदलतो हे मला खरंच कळत नाही. आणि “आरती”! लेखात मी एका ठिकाणी “अफलातून” हा शब्द वापरलाय, तोसुद्धा २० जुलै १९६०च्या चाचणीबद्दल. त्या दिवशी केप कॅनाव्हरलजवळ पाण्याखालून दोन पोलारिस मिसाइल उडवली आणि पाणबुडीवरून अमेरिकेचे प्रेसिडेंट आयसेनहॉवरना संदेश गेला की खोल समुद्रातून थेट लक्ष्यावर, परफेक्ट. तेरा टन वजनाचं मिसाइल दाबाखालच्या हवेने नळीतून वर ढकलायचं, ते पाण्याबाहेर आलं की मग त्याचं इंजिन पेटायचं, आणि हे सगळं १९६० साली! ह्याला अफलातून नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? इंजिनियरिंगचं कौतुक केलं की लगेच आरती होते का? उद्या मी भाक्रा धरणावर लिहिलं तर सिमेंटची पूजा केली म्हणाल.

किलोमीटरचं मान्य. पोलारिसच्या पहिल्या मॉडेलची रेंज १२०० नॉटिकल मैल, मी २२०० किलोमीटर लिहिलं, कारण वाचणारे सगळेच दर्यावर्दी नसतात. तरी नॉटिकल मैल सोबत द्यायला हवे होते, आता दिलेत. हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि बरोबर ते बरोबर म्हणायला मला कमीपणा वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा, “दोन ओळींत उरकलंत”. आधी मी काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं देतो : “९ एप्रिल १९८१ रोजी पूर्व चीन समुद्रात निश्शो मारू या जपानी मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, त्यात दोन जण दगावले. कळवायला उशीर झाल्यामुळे जपानशी संबंध काही काळ ताणले गेले.” ह्यात खोटं काय आहे? काही लपवलंय? तारीख आहे, जहाजाचं नाव आहे, माणसं मेल्याचं आहे, उशीर झाल्याचं आहे. मोबाइलवर ह्या दोन ओळी चांगल्या पाच-सहा दिसतात, पण ते जाऊ दे.

प्रश्न प्रमाणाचा आहे साहेब. ही पाणबुडी ३० डिसेंबर १९५९ला नेव्हीत दाखल झाली आणि २४ जानेवारी १९८५ला निवृत्त झाली. पंचवीस वर्षं. ह्या काळात तिने ५५ गस्ती केल्या, आधी अटलांटिकमध्ये मग पॅसिफिकमध्ये. पहिली गस्त १५ नोव्हेंबर १९६०ला चार्ल्सटनहून निघाली, ६६ दिवस पाण्याखाली, आणि २१ जानेवारी १९६१ला परत. म्हणजे निघाले तेव्हा आयसेनहॉवर प्रेसिडेंट होते आणि वर आले त्याच्या आदल्या दिवशी केनेडींनी शपथ घेतली होती. एका बोटीला दोन अख्खे क्रू, ब्लू आणि गोल्ड, एक समुद्रात तर दुसरा घरी, म्हणजे बोट रिकामी बसायला नको. घरच्यांकडून यायचा तो मोजक्या शब्दांचा संदेश, आणि तोही एकतर्फी, कारण इकडून उत्तर पाठवलं तर बोट कुठे आहे ते कळणार. सोळा मिसाइलांच्या उभ्या नळ्यांच्या दोन रांगा, त्या भागाला क्रूवाले शेरवूडचं जंगल म्हणायचे. असल्या बोटीची नोकरी म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी, काही घडलं नाही हाच तिचा रिपोर्ट. मी त्या न घडलेल्या पंचवीस वर्षांवर लिहायला बसलो होतो. तुम्हाला त्यातली एकच सकाळ हवी आहे.

बरं, हवीच आहे तर घ्या ती सकाळ, म्हणजे मला माहीत नव्हती असं तरी वाटायला नको. जपानच्या सासेबो बंदराच्या दक्षिण-नैर्ऋत्येला साधारण ११० नॉटिकल मैल. निश्शो मारू सुमारे २३५० टनांची, म्हणजे समुद्राच्या हिशोबाने छोटंच जहाज, पंधरा माणसं. पाणबुडी खालून वर येत होती आणि तिचा सेल, म्हणजे पाठीवर जो उंच भाग असतो तो, जहाजाच्या तळाला लागला. पाणबुडीला किरकोळ मार. जहाज साधारण पंधरा मिनिटांत गेलं. जहाजाचा कॅप्टन आणि फर्स्ट मेट (त्याच्या खालोखालचा अधिकारी), दोघं गेले. उरलेले तेराजण तराफ्यांवर, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी उचललं ते जपानच्याच अकिगुमो आणि आओगुमो या दोन विनाशिकांनी. वाचलेल्यांचं म्हणणं होतं की पाणबुडी वर आलेली त्यांनी पाहिली, वर विमानही घिरट्या घालत होतं, पण मदतीला कुणी आलं नाही. अमेरिकेने जपानला कळवलं ते ३५ तासांहून जास्त वेळानंतर. पंतप्रधान सुझुकी पुढच्या महिन्यात वॉशिंग्टनला जाणार होते, त्यात अण्वस्त्रवाली पाणबुडी आपल्या दाराशी काय करत होती हा जपान्यांचा प्रश्न वेगळाच. अमेरिकेने जबाबदारी घेतली, नुकसानभरपाईचं बोलणं झालं, पाणबुडीच्या कॅप्टनवर कारवाई झाली. झालं समाधान?

आता तुम्ही म्हणाल, मग थांबले का नाहीत. नेव्हीच्या अहवालाचं म्हणणं असं की धुकं आणि पाऊस होता, जहाज बुडतंय हे पाणबुडीतून किंवा विमानातून कुणाला कळलं नाही. मी नेव्हीचा वकील नाही. पण “धुकं होतं” म्हटल्यावर जे लोक खुर्चीत बसून हसतात त्यांना मी दोन गोष्टी सांगू शकतो, कारण मी मर्चंट नेव्हीत मरीन इंजिनियर म्हणून आयुष्य काढलंय आणि तो समुद्र मी पार केलाय, वसंतातल्या धुक्यातच केलाय. ब्रिजवरून (जहाज जिथून चालवतात तिथून) फोन येतो, फॉग आहे, इंजिन स्टँडबाय ठेवा. मग खाली एकजण कायम कंट्रोल रूममध्ये, जेवणाचं ताट तिथेच येतं, डोळे टेलिग्राफवर (ब्रिजवरून इंजिनाला वेगाचा हुकूम देणारं यंत्र), आणि वरून दर दोन मिनिटांनी लांबलचक भोंगा. इंजिनचा एवढा आवाज असतो तरी तो भोंगा छातीत जाणवतो. वर जाऊन बघितलंत तर स्वतःच्या बोटीचा फोक्सल, म्हणजे पुढचा भागही दिसत नाही, रडारवर मच्छीमार बोटींचे इतके ठिपके की कुठला खरा आणि कुठला लाटेचा हे ड्युटीवरच्या ऑफिसरला विचारा.

असंच एकदा माझी वॉच संपत आली होती आणि बोटीच्या बाजूला काहीतरी घासल्यासारखं वाटलं. घासल्यासारखंच, धक्का नाही. मी वर फोन केला तर म्हणाले काही नाही, बॉया असेल. तरी कॅप्टन चांगला माणूस, त्याने वेग कमी केला, एक चक्कर मारली, दोन पोरं पुढे टॉर्च घेऊन उभी केली, भोंगा वाजवला, काही दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही. लॉगमध्ये नोंद केली आणि पुढे निघालो. उजाडल्यावर बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) दाखवलं, अँकरला हिरव्या जाळ्याचा तुकडा अडकला होता, हातभर असेल, त्याला दोन बुचं. नुसतं वाहत आलेलं जाळं असेल, तसली जाळी समुद्रात ढीगभर असतात. मुद्दा एवढाच की कळत नाही म्हणजे खरंच कळत नाही, आणि हे ज्याने अनुभवलंय त्याला कुणी शिकवू नये.

हां, आता आमच्या कॅप्टनने चक्कर मारली आणि त्यांनी मारली नाही, असं तुम्ही म्हणणार हे मला दिसतंय. पण मालवाहू जहाजाला चक्कर मारायला कुणाची परवानगी लागत नाही. मिसाइलवाल्या पाणबुडीचं सगळं शिक्षणच उलटं, दिसायचं नाही, बोलायचं नाही, रेडिओला हात लावायचा नाही. वीस वर्षं ज्या क्रूला हेच घोटून घोटून शिकवलं त्यांच्याकडून पहिल्या मिनिटाला एसओएसची अपेक्षा करणं सोपं आहे. बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये, शब्द माझ्या तोंडी घालू नका. का झालं असेल ते सांगतोय. आणि ३५ तासांचं म्हणाल तर ते एकट्या पाणबुडीचं काम नव्हतं, त्यात हेडक्वार्टर आलं, वॉशिंग्टन आलं, ज्यांना धुकं वगैरे काही नव्हतं. त्यांना काय म्हणायचं ते म्हणा, मी अडवणार नाही.

“ती माणसं जपानी म्हणून उरकली” असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण रोख तोच होता आणि मला तो लागला. मी जपानी चीफ इंजिनियरच्या हाताखाली काम केलेला माणूस आहे, पिस्टन दुरुस्तीला कसा काढायचा हे त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. तेव्हा कुणाचं मरण मला हलकं आणि कुणाचं जड, हे मला तुम्ही सांगू नये, एवढीच विनंती. विनंतीच आहे, राग नाही.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो कारण त्यांत दम नाही.

स्कॉर्पियनची गोष्ट सगळीकडे आहे कारण ती खरी आहे. १ नोव्हेंबर १९५७ला ग्रोटनच्या इलेक्ट्रिक बोट यार्डात स्कॉर्पियन म्हणून कील (बोटीचा तळकणा) ठेवली, रशियाचा स्पुटनिक नुकताच उडाला होता, घाई होती, म्हणून अर्धवट बांधलेल्या हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) १३० फुटांचा मिसाइलचा भाग घालून वेगळीच बोट केली. पुढच्या एस्केप हॅचमध्ये जुन्या नावाची पट्टी तशीच राहिली. स्कॉर्पियन हे नाव दुसऱ्या नव्या बोटीला दिलं आणि ती मे १९६८मध्ये ९९ माणसांसकट अटलांटिकमध्ये गेली. हे मी लिहायचं नाही का, दुसऱ्या कुणी आधी लिहिलंय म्हणून? पानिपतावर पण मग कुणी लिहूच नये.

पाणबुडीत पाय ठेवलाय का? ठेवलाय. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा म्युझियम म्हणून ठेवली आहे, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलोय, ते गोल दरवाजे ओलांडताना गुडघा फोडून घेतलाय. डिझेलवाली आहे, अणुवाली नाही, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो. अणुवालीत तुम्ही गेला असाल तर जरूर लिहा, मी वाचीन.

अरिहंतवर, म्हणजे आपल्या मिसाइलवाल्या अणुपाणबुडीवर लिहा म्हणता. काय लिहू? जुलै २००९मध्ये जलावतरण, ऑगस्ट २०१३मध्ये रिअॅक्टर सुरू झाला, २०१६मध्ये गाजावाजा न करता नौदलात आली, नोव्हेंबर २०१८मध्ये पंतप्रधानांनी पहिली गस्त पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२४मध्ये तिची बहीण अरिघात आली. ह्यापलीकडे तिने कुठे किती दिवस काय केलं हे सांगणारा माणूस एकतर नौदलात आहे आणि गप्प आहे, नाहीतर थापा मारतोय. जॉर्ज वॉशिंग्टनवर लिहिता येतं कारण तिची नोकरी संपली, सॉल्ट करारापायी (अमेरिका-रशियाचा अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार) १९८३पर्यंत मिसाइलं उतरवली, शेवटचा काही काळ साधी पाणबुडी म्हणून काढला आणि १९९८पर्यंत तिचं भंगार झालं. सेल तेवढा ग्रोटनच्या म्युझियमपाशी आहे.

राहता राहिलं “कॉपीपेस्ट”. त्यावर मी एवढंच म्हणतो की लेखातली एक तारीख चुकीची दाखवा, एक, मग बोलू. आणि पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. तुमची कॉमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही, पण त्याखाली तुम्हाला लाइक देणाऱ्या त्या तिघांनी मूळ लेख उघडून तरी बघितलाय का, हे मला विचारायचं आहे.