आखात नेहरूंनी ‘घालवलं’? आधी करार वाचा

‘दुबई, अबू धाबी, कुवेत ही १९४७ पर्यंत हैदराबादसारखीच आपली संस्थानं होती. तिथे आपला रुपया चालायचा. नेहरूंनी तेलासकट ती घालवली.’ हा मजकूर बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो खपतो.

खरं ते आधी. १८१९ मध्ये आखातातल्या रास अल खैमावर चालून गेलेलं ब्रिटिश आरमार मुंबईहून निघालं होतं. इराणी किनाऱ्यावर बुशहरला बसणारा ब्रिटिश रेसिडेंट (आखाताचा कारभार बघणारा राजकीय अधिकारी) १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. १९०३ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने शारजासमोर समुद्रात, जहाजावर शेखांचा दरबारही भरवला. पण मुनीम गल्ला सांभाळतो म्हणून पेढी त्याची होत नाही.

‘संस्थानं होती’ म्हणणाऱ्यांनी १८९२ चा करार बघावा. अबू धाबी, दुबई, शारजा वगैरेंच्या शेखांनी स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने लिहून दिलं: ब्रिटिश सरकारखेरीज कुठल्याही सत्तेशी करार वा पत्रव्यवहार करणार नाही, त्यांच्या संमतीविना दुसऱ्या सरकारचा प्रतिनिधी ठेवून घेणार नाही, मुलखाचा तुकडाही विकणार, गहाण टाकणार किंवा ताब्यात देणार नाही, ब्रिटिश सरकार सोडून. गोम त्या शेवटच्या अपवादात आहे. १८९९ मध्ये कुवेतच्या शेख मुबारकनेही गुपचूप असंच लिहून दिलं आणि १५,००० रुपये घेतले. पैसे रुपयांत, बांधिलकी ब्रिटिशांशी. संस्थानं भारतात सामील झाली त्या सामीलनाम्यावर यांपैकी एकाही शेखाची सही नाही. आणि संस्थानांवरचं ब्रिटिश अधिराज्यही १५ ऑगस्टला संपलं, ते भारताला वारशाने आलं नाही. हैदराबादसाठी १९४८ मध्ये फौज पाठवावी लागली ती उगीच नाही.

रुपयाचं म्हणाल तर तो पूर्व आफ्रिकेतही चालायचा. आखातात तर तो स्वातंत्र्यानंतरही चालला. सोन्याच्या तस्करीला आळा घालायला रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर दुबईने रुपया सोडला. चलनावरून मालकी ठरवायची तर १९६५ सालीही दुबई भारतात होती म्हणावं लागेल!

नेहरूंचं काय? आखाताचा कारभार दिल्लीकडून लंडनकडे गेला १ एप्रिल १९४७ ला. नेहरू तेव्हा हंगामी सरकारात होते, पण करार ब्रिटिशांचे होते, ते ब्रिटिशांनी उचलून नेले. आणि तेल? बहारीन, कुवेतमध्ये ते सापडलं होतं. अबू धाबीत मिळालं १९५८ मध्ये, दुबईत १९६६ मध्ये. १९४७ च्या दुबईकडे बंदर होतं आणि जपानी कल्चर्ड (माणसाने पिकवलेल्या) मोत्यांनी बुडवलेला मोत्यांचा धंदा.

खरोखर ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असलेलं अरबी शहर हवंच असेल, तर ते आजच्या येमेनमधलं एडन. १८३९ मध्ये ते घेतल्यापासून जवळपास शतकभर मुंबई इलाख्यात मोडत होतं. १ एप्रिल १९३७ ला ब्रिटिशांनी ते वेगळं काढून आपली वसाहत केली. तेव्हा नेहरू कुठल्याच सरकारात नव्हते.