जुलाबात पाणी तोडा, म्हणे!

उन्हाळा लागला की जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. लेकराला जुलाब लागले की दूध-पाणी बंद करा, पोट रिकामं राहिलं की जुलाब आपोआप थांबतात. ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची मीठ-ग्लुकोजची पुडी, देऊनही जुलाब थांबत नाहीत, मग ते काय कामाचं? वर शेरा: बायकांच्या समजुती कितीही सांगा, बदलत नाहीत.

पहिलं साफ चूक. जुलाबातून अंगातलं पाणी जातं. पिणं तोडलं तरी ते जातच राहतं, त्यात 44-45 अंशांचं ऊन. अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नये. खाणाऱ्या लेकराला मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं द्या. यावल-रावेरात केळ्यांना काय तोटा!

दुसरा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत; ते त्याचं कामच नव्हे. ग्लुकोज आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात असले की आतडं दोन्ही एकदम शोषतं आणि मागोमाग पाणी आत ओढलं जातं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पूर्व पाकिस्तानातून (आताच्या बांगलादेशातून) आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच द्रावण पाजलं आणि 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या आत आले. म्हणून पुडी देतानाच सांगावं: 'जुलाब अजून काही दिवस चालतील, तुम्ही लघवी होते का, म्हणजे अंगात पाणी टिकतंय का, ते बघा.' नाहीतर आई जुलाब मोजत बसते आणि संध्याकाळी पुडी फळीवर जाते. जुलाबाचे दिवस कमी करतं ते झिंक: 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, पुढे 20, जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस.

राहिली समजूत. नुसतं सांगून ती हलत नाही, हे कबूल. आशाताईंनी आईच्याच हातून, घरच्याच भांड्यात द्रावण करून घ्यावं, आजीलाही शेजारी बसवावं. पाणी तोडायचा हुकूम बहुधा तिचाच असतो. लिटरची पुडी अख्खी, लिटरभर पिण्याच्या पाण्यात. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. द्रावण उकळू नये, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला दर जुलाबामागे 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, पिणं सोडून मलूल पडलेलं लेकरू, किंवा पोटाची कातडी चिमटीतून सोडल्यावर हळूहळू सपाट होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. दवाखान्याच्या वाटेवरही चमचा चालू ठेवा.