‘चेक वटवणारं ॲप आहे का?’ : कवठ्याच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. पहिलं रागात लिहिलं होतं, दुसरं उगाच गोड झालं होतं. आज द्राक्षबागेतल्या खरड छाटणीचे मजूर गेले, आता निवांत बसलोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हवामानाचा अंदाज, ठिबकचं ऑटोमेशन आणि फोनवरचे भाव यांमुळं तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार आता व्यापाऱ्याशी बरोबरीनं बोलू शकतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘कवठ्याचा बागायतदार’ या नावानं तुम्ही म्हणालात, "फेब्रुवारीत तीन बाजारांचे भाव फोनवर बघूनच बाग दिली. व्यापारी दोन गाड्या भरून गेला, चेक परत आला, आता त्याचा फोन बंद. चेक वटवणारं ॲप असलं तर त्यावर लिहा. बाकी ही कंपन्यांची जाहिरात."

जाहिरातीचं सोडून देतो. मी कुणाकडून रुपया घेतलेला नाही. कुणी देऊही केला नाही, हे जरा लागतंच.

चेकचं मात्र तुमचं खरं आहे. आणि मला ते आधीपासून माहीत होतं, याची जास्त लाज वाटते. तसाच एक चेक आमच्या घरात देव्हाऱ्यामागच्या पाकिटात आहे. सौदा ठरत होता तेव्हा आबांच्या शेजारी बसून मी फोनवर मुंबईचा भाव दाखवत होतो. चार किलोच्या पेटीमागं वीस रुपये वाढवून घेतले म्हणून दोन दिवस गावभर मिरवलो. वीस रुपये वाढले आणि अख्खी पेटीच बुडाली. लेख लिहिताना ही गोष्ट मी गाळली, कारण ती आली असती तर लेख तसा उभाच राहिला नसता.

आपली द्राक्षं बागेतच विकली जातात. व्यापारी येतो, घड चाखतो, दर ठरतो आणि गाडी बांधावरून निघते. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम, म्हणजे बाजार समित्यांना जोडणारा केंद्र सरकारचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं. त्यात बोलीही नोंदली जाते आणि पैसेही थेट खात्यावर येऊ शकतात. पण त्यासाठी माल बाजार समितीच्या हिशेबात यावा लागतो, आणि आपला माल त्या फाटकाकडं फिरकतही नाही. मग आपल्या हाती उरतो तो नुसता भाव. तो कळल्यानं मी शहाणा झालो, पण व्यापाऱ्याला त्यानं कशातच अडकवलं नाही.

म्हणून सगळंच मागं घेऊ का? नाही घेणार. पाऊस यायच्या आत फवारणी झाली तर डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) आवरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या एका अंदाजानं फुलोऱ्यातली बाग वाचलेली मी पाहिली आहे. पण त्याहून मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि ते मूळ लेखात यायला हवं होतं. ते म्हणजे ग्रेपनेट.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडानं (शेतमालाची निर्यात बघणारी केंद्र सरकारची संस्था) २००६ मध्ये ही व्यवस्था उभी केली. कृषी विभागाकडं प्लॉटची नोंद होते, त्याला नंबर मिळतो, प्रयोगशाळेची माणसं नमुना नेतात आणि औषधांच्या अंशांचा अहवाल त्याच नंबरावर चढतो. अहवाल नापास झाला तर पुढचे कागद निघत नाहीत, म्हणजे कंटेनरही निघत नाही. तिथं पेटी उघडणाऱ्याला तो माल कुठल्या प्लॉटचा, हे शोधता येतं. यात बागायतदार अडकतो, पॅकहाउस अडकतं, प्रयोगशाळा अडकते आणि निर्यातदारही अडकतो.

तरीही २०१० मध्ये काय झालं ते आठवा. सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले म्हणून आपली द्राक्षं युरोपच्या बंदरांत अडकली. नोंदी सगळ्या होत्या, पण तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसीच नव्हतं. जे विचारलंच नाही, ते संगणक आपणहून कसं सांगणार? यादी कोण करतं, हा तेव्हाही खरा प्रश्न होता आणि आजही आहे. (आणि सांगलीच्या मंडईत आपलीच पोरं जे घड खातात, त्यांना ना नंबर, ना अहवाल. यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

पीकविम्याचं दुखणं याच्या उलट आहे. तिथं नोंद कंपनीला बांधते, पण ती नोंद आपल्या बागेतली नसते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात. ओढ्याच्या अलीकडं घडांचा चिखल झाला आणि केंद्रावर पाऊस बेताचाच पडला, तर कागदोपत्री तुमच्याकडंही बेताचाच. यंत्र खोटं बोलत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या रानात उभं असतं.

ई-पीक पाहणीचं मूळ लेखात मी जास्त कौतुक केलं, हेही कबूल. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक आपणच फोनवरून नोंदवायचं ठरलं. तलाठ्याची वाट बघायची गरज संपली, हे चांगलंच. पण रेंज नसलेल्या रानात आबा नातवाला हाक मारत फिरतात, तेव्हा ते काम नक्की कुणाच्या डोक्यावरून उतरून कुणाच्या डोक्यावर आलं, हे मी लिहायला हवं होतं.

आता तुमच्या चेकबद्दल. बँकेनं चेक परत केल्याचा मेमो दिला असेल, त्यावरची तारीख आधी बघा. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर त्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करावी लागते. ३० दिवस उलटले असतील तरी चेकच्या तारखेपासून तीन महिने झाले नसल्यास तो पुन्हा बँकेत घालता येतो, आणि पुन्हा परत आला तर नवा मेमो मिळतो. आबांना हे कुणी सांगितलं नाही. ‘देतो, देतो’ ऐकण्यात आमची मुदत गेली आणि देव्हाऱ्यामागं नुसता कागद उरला.

दुसरं म्हणजे त्याच्याशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं पुसू नका, फोनही बदलू नका. दर, पेट्यांचा आकडा, गाडीचा फोटो, ‘माल पोचला’ असा मेसेज, जे काही असेल ते ठेवा. ठरावीक प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात पुराव्यात देता येतं. चेक वटवणारं ॲप मला माहीत नाही, पण त्याच्याच अंगठ्यानं टाइप झालेला पेट्यांचा आकडा तुमच्या फोनमध्ये असेल, तर तो तीन बाजारांच्या भावांपेक्षा जास्त कामाचा आहे.

मेमोवरची तारीख मला कळवा. तासगावात एक वकील ओळखीचे आहेत, सोमवारी त्यांच्याकडं जाणारच आहे, तुमचंही विचारून येतो.