यंदा काहीतरी ओरिजिनल

जूनमध्ये दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, कथा द्या, पण यंदा जरा वेगळं काहीतरी, ओरिजिनल. आता हे 'जरा' फार घातक असतं. मी हो म्हणून बसलो.

आधी काय नको ते ठरवू म्हणून घरातले जुने दिवाळी अंक काढले, आणि एक भयंकर शोध लागला. दर तिसऱ्या कथेत बाहेर पाऊस कोसळतोय. दिवाळीच्या अंकात पाऊस कशाला, तर माझ्यासारखे सगळे जुलैत, डेडलाईन उलटून गेल्यावर, खिडकीशी बसून लिहितात आणि समोर जे दिसतं ते उचलतात. का. र. मित्र या संपादकांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, म्हणजे शंभरहून जास्त पावसाळे मराठी कथेत गळतायत आणि कुणी छत दुरुस्त केलेलं नाही!

मग मी बंदी घातली. पाऊस नाही. खिडकी नाही. पडका वाडा, आजीची ट्रंक, रात्री वाजणारा फोन, काहीही नाही. आणि चहा तर अजिबात नाही, कारण आपल्या कथेतली माणसं बोलायला काही सुचलं नाही की चहा टाकतात.

लिहायला घेतलं. जळगाव, मे महिना, ४४ डिग्री, स्टँडवर नायक उभा. त्याची जुनी मैत्रीण भेटते. इथवर झकास. आता बोलणार कसे? चहा नाही म्हणजे टपरी नाही, टपरी नाही म्हणजे बाकडं नाही, मग ती दोघं तीन पानं उन्हात उभी राहून एकमेकांकडे बघतात आणि शेवटी तिची एसटी लागते. बायकोला वाचायला दिलं, तर म्हणाली, "अरे, हा चहा का घेत नाही? शुगर आहे का याला?" मग आई म्हणाली, भरउन्हात कोण उभं राहतं, घरी घेऊन जायचं ना तिला. म्हटलं त्याची बायको आहे घरी. "मग तर हे जुनंच आहे," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

ओरिजिनल म्हणजे काय यावर मी रात्री दोन वाजता गुणाढ्यापाशी पोचलो. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला हा माणूस, याने म्हणे 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, राजाने नाक मुरडलं, तर हा पठ्ठ्या डोंगरावर बसून एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकत सुटला, आणि जनावरं चरायचं सोडून ऐकत बसली, इतकी की राजाच्या ताटातलं मांस वातड लागायला लागलं. तेव्हा राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. आता त्या सहा लाखांत काय काय होतं कुणास ठाऊक, माझा तर संशय आहे की जळगाव स्टँडही असणार. आणि हे सगळं आपल्याला सांगतो कोण, तर अकराव्या शतकातला काश्मीरचा सोमदेव, जो सुरुवातीलाच कबूल करतो की बाबांनो, मी त्या बृहत्कथेचं फक्त सार काढलंय. मला त्याचा फार हेवा वाटला. त्याला कुणी 'जरा वेगळं द्या' म्हटलं नसणार.

शेवटी कथा तशीच पाठवून दिली, बिनचहाची. चार दिवसांनी संपादकांचा फोन. "कथा छान आहे हो, एकदम ओरिजिनल. फक्त ते ऊन फार होतंय. वाचक दिवाळीचा फराळ करत वाचणार, त्यांना घाम नको फुटायला. जरा पाऊसबिऊस टाकता येईल का? आणि ती दोघं कुठेतरी चहाला बसली तर बघा."

बघतो म्हटलं. बायकोने चहाचा कप आणून ठेवला. मी लॅपटॉप उघडला, पहिली ओळ खोडली. बाहेर पाऊस कोसळत होता.